गोफणीला चारच

बिबवेवाडीहून खराडीला पोचेपर्यंत सलिलचं डोकं आधीच तापलेलं होतं. त्यात रविराजने दार उघडल्या उघडल्या विचारलं, "गोफणीचं काय ठरवलंस?"

"पाणी विचार आधी," सलिल म्हणाला.

ठरवण्यासारखं काही नव्हतंच. दोन वर्षं दर रविवारी चौघं जण रविराजच्या घरच्या मोठ्या टेबलाभोवती बसून एकच गोष्ट खेळत होते. सलिल गोष्ट सांगायचा, रविराज, शेफाली आणि सार्थक तिच्यातली माणसं व्हायचे, आणि वार लागला तर समोरच्याचे किती प्राण गेले हे फासे सांगायचे. प्रत्येक हत्याराला वेगळा फासा. तलवारीला आठ बाजूंचा, धनुष्याला आठ बाजूंचा, गोफणीला चार. नियमांच्या पुस्तकात तसं छापलेलं होतं. सलिलने काही ते छापलं नव्हतं, पण बोलणी मात्र दर रविवारी त्यालाच.

कारण रविराजचा भिवा हा शेतराखणदार होता आणि त्याच्याकडे गोफणच होती. दोन वर्षांत त्याला जादूची तलवार मिळाली, ती त्याने सार्थकला देऊन टाकली. चाप ओढून बाण सोडायचा क्रॉसबो मिळाला, तो विकून कांदे घेतले. गोष्टीतले कांदे.

आज मात्र सलिलला हा घोळ नको होता. शेफाली मंगळवारी म्युनिकला चालली होती, नोकरीसाठी, कायमची. सलिलचे याआधीचे दोन खेळ असेच गेले होते. कुणीतरी परदेशी गेलं, 'ऑनलाइन करू ना' म्हणालं, आणि मग ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या उरल्या. तिसऱ्यांदा ते त्याला सोसणार नव्हतं. म्हणून आज सहाच्या आत ड्रॅगन मरणार होता आणि गोष्ट रीतसर संपणार होती. ड्रॅगनच्या मरणाची त्याने अकरा पानं लिहून आणली होती. ती मनात म्हणताना येरवड्याच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत त्याला हिरवा दिवा दिसला नव्हता.

"ड्रॅगन गावच्या उभ्या ज्वारीत उतरलाय," त्याने सुरुवात केली. "दोनशे छप्पन्न प्राण. सार्थक, तुझी पाळी."

"एक मिनिट," रविराज म्हणाला. "गोफणीला आठ दे. आज तरी दे."

"चार."

"अरे, आमच्या पंजोबांनी गोफणीने कोल्हा लोळवला होता."

"पंजोबा खेळायला आलेत का?"

अर्धा तास गेला. रविराजने लॅपटॉपवर तक्ता उघडला. दगडाचं वजन, दोरीची लांबी, वेग, सगळं रंगीत खान्यांमध्ये. ऑफिसच्या कामात याने एवढं डोकं लावलं असतं तर मॅनेजर झाला असता. शेफाली सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि सलिलला तेच जास्त लागत होतं.

"तू स्वतः कधी मारली आहेस गोफण?" त्याने शेवटी विचारलं.

"आमच्यात सगळ्यांना येते."

"तुला?"

रविराजने पोह्यांची बशी सरकवली. त्यांची ज्वारी जिथे होती तिथे आता काचेची इमारत होती, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. गोफण शिकायला शेतच उरलं नव्हतं.

"चल गच्चीवर," सलिल उठला. "तो रंगाचा रिकामा डबा आहे ना, त्याला लागला दगड तर आठ. नाही लागला तर पुन्हा नाव काढायचं नाही. पंधरा मिनिटं देतो."

गोफण दाराआडच्या खिळ्याला होती, सुताची, मधे विणलेला झोळ. रविराजने झोळात दगड ठेवला, गोफण तीनदा डोक्यावरून फिरवली आणि दोरीचं टोक सोडलं. डबा समोर होता. दगड मागे गेला. मागे मथुराबाईंनी, म्हणजे रविराजच्या आईने, जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. दगड त्यांच्या मधोमध पडला.

सार्थकला हसू आवरेना. सलिलला हसायलाही वेळ नव्हता.

मथुराबाई जिन्यातून वर आल्या. आधी त्यांनी कुरडया पाहिल्या, मग पोराला.

"दगड कुणी घालाया सांगितला तुला तिच्यात?"

"आई, नेम बघत होतो."

"कशाचा नेम? आजूबाजूला समद्या काचा हायेत." त्यांनी गोफण त्याच्या हातातून काढून घेतली. "आन् नेम धरून कोन राखन करतंय का? पाखरू मारायचं नसतं, उठवायचं असतं. किती मारशील? हजार येत्यात."

त्यांनी रिकामी गोफण फिरवली आणि मनगटाला एक झटका दिला. दोरीचं टोक फटाका फुटल्यासारखं वाजलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवरची, शेजारच्या इमारतीच्या सज्ज्यावरची, त्याच्या पलीकडची, सगळी कबुतरं एकदम उठली. लागलं कुणालाच नाही.

"परत येतात का, काकू?" शेफालीने विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच नीट बोलली.

"येनारच की. पोट हाय त्यांना. म्हनून तर आमी सुगीभर शेतात माळ्यावर बसायचो, चार खांबांवर फळ्या टाकून. आज मी, उद्या जाऊ, परवा नणंद. एकीनं उठून गेलं म्हनून राखन थांबत नाय." मग त्या फुटलेल्या कुरडया वेचायला बसल्या.

खाली आल्यावर सलिलने पानं नीट लावली. "ठरलं. गोफणीला चार. भिवा काय करतो?"

"गोफण फिरवतो," रविराज म्हणाला.

"टाक फासा."

"दगड नाही घातलेला."

सलिलने डोळे मिटले.

"मला त्याला मारायचं नाहीये. उठवायचंय. वाजवतो फक्त."

"रविराज, तो ड्रॅगन आहे. कबुतर नाही."

"पुस्तकात बघ ना काय लिहिलंय."

पुस्तकात काहीच नव्हतं. जे होतं ते सलिलच्याच सातव्या पानावर होतं. मरताना ड्रॅगनला आपलं लहानपण आठवतं, असं त्याने मोठ्या हौसेने लिहिलं होतं. बर्फाचा कडा कडकन फुटला होता आणि त्याची आई त्याखाली गेली होती, आणि त्या एका आवाजाला तो अजून भितो. वाचताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून लिहिलेलं हे वाक्य आता त्याच्याच गळ्यात आलं.

पान फक्त त्याच्या हातात होतं. 'काही होत नाही' म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण खेळ चालवणाऱ्याने खोटं बोलायचं नाही, एवढा एक नियम त्याने दोन वर्षं पाळला होता. रविराजला त्याबद्दल मनातल्या मनात शिव्या देत त्याने सातवं पान मोठ्याने वाचलं. मग ड्रॅगनसाठी वीस बाजूंचा फासा टाकला. दहाच्या वर पडलं तर ड्रॅगन भिणार नव्हता.

तीन पडले.

"उठला," सलिल म्हणाला. आवाज चांगलाच चिडका होता. "ज्वारीतून उठला, डोंगरापलीकडे गेला. झालं समाधान?"

"म्हणजे मेला नाही?" शेफालीने विचारलं.

"नाही."

"परत येणार?"

"येणारच. पोट आहे त्याला."

तिने तो तीन पडलेला फासा उचलून हातात घेतला. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवलं नाही. "मग माळ्यावर कुणीतरी बसायला लागेल," ती म्हणाली. "तिथे रविवारी सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे दुपारचा एक. मला जमेल."

सगळे असंच म्हणतात, असं सलिलच्या अगदी ओठांवर आलं. त्याला भयंकर राग आला होता, अकरा पानांचा, चार बाजूंच्या फाशाचा, म्युनिकचा, आणि आपल्याला आत्ता किती बरं वाटतंय याचाही. त्याने अकरावं पान उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर माळ्यावरच्या पाळ्या लिहायला घेतल्या.

पहिलं नाव शेफालीचं.