घोंगडीत गुंडाळलेला पाटा

त्रिंबकची जुनी जीप उजवीकडं कलून चालायची, एखादी म्हातारी कंबर धरून चालते ना, अगदी तशी! पण गंगापूरच्या पुढं, नाल्यापल्याडच्या त्यांच्या वस्तीवर चारही चाकांनी ओढत जाणारी तीच एक गाडी. बाकीच्या चिखलातच मान टाकायच्या. मागल्या खेपेला बायकोला, बानाबाईला, डायलिसिसला नेताना नाल्यात मागचं चाक असं आदळलं, की बिचारी कळवळली. उद्या पुन्हा तिची पाळी. म्हणून आज बापलेक गाडी घेऊन शहरात, उस्मानपुऱ्यात रशीदचाचाच्या गॅरेजवर आले होते.

दुखणं शोधलं होतं दहावीतल्या दिपालीनं. चाकाच्या मधोमधापासून मडगार्डपर्यंत वीत लावली. डावीकडं दोन विती भरून वर चार बोटं, उजवीकडं दोन विती पण पुऱ्या नाहीत!

"आबा, उजवा पाटा बसलाय."

"लई शहाणी माझी इंजिनेर," त्रिंबक म्हणाला, पण मिशीतल्या मिशीत हसला.

रशीदचाचानं पाहिलं तर पाटे दिसेचनात. गाडीचा भार झेलणाऱ्या, लोखंडाच्या एकावर एक रचलेल्या त्या पट्ट्यांवर काळ्या घोंगडीच्या चिंध्या गच्च गुंडाळलेल्या.

"ये क्या मियाँ? गाडीला बी थंडी वाजती काय?"

"मालकिणीच्या डोक्यात कुरकुर जाती हो," त्रिंबक ओशाळला. "म्हून तेलात भिजवून बांधली. मोडलेल्या मेंढराच्या पायाला बांधतो तशी."

उजवीकडची घोंगडी सोडली, चपटा झालेला पाटा काढला. शहागंजच्या बाजारातून नवा आणून बसवला. आता नट आवळायचे, की झालं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

वस्तीवरून आवडाबाई, दिपालीची आत्या, रडत होती. "दिपे, तुझ्या मायला दम लागायलाय गं! तोंड सुजलंय. दवाखान्यात फोन केला तर म्हनले, उद्याची वाट बघू नका, आत्ताच आणा. अन् ॲम्बुलन्सवाला म्हनतो, डांबरीवरून खाली उतरणार नाय."

"नाल्याला पाणी हाय का?"

"वर कुठंतरी पाऊस पडलाय. मांडीएवढं आलंय. खाटेवर घालून बी नेता येईना!"

त्रिंबकनं अवजारं गोळा करायला घेतली, आपली का चाचाची हेही न बघता. दिपाली डावीकडून आत चढायला गेली आणि तिची नजर खाली गेली. डाव्या पाट्याच्या घोंगडीवर, टोकाच्या कडीजवळ, तांबूस डाग होता. बोट लावलं. गंजाचा भुगा.

"आबा, हे सोडून बघू."

"उंची बराबर हाय ना त्याची? तूच मोजली ना? मंग!"

"पण गंज–"

"बस म्हणतो ना गाडीत! माय मरायलीय तिकडं तुझी!"

आबा असं कधीच ओरडला नव्हता. तरी दिपालीनं सीटखालची मेंढ्यांची लोकर कातरायची कातर ओढली, गाडीखाली घुसली आणि घोंगडी कातरली. कचाकच!

पाट्याची सगळ्यात वरची, मुख्य पट्टी आरपार तडकली होती. ओल धरून धरून घोंगडीनं त्याला खाल्लं होतं, आणि तिनंच आवळून उभाही धरला होता.

त्रिंबक मट्‌कन खाली बसला. "मीच बांधली की गं. मीच."

रशीदचाचानं शहागंजात फोन लावला. "नेला तोच शेवटचा था बोलते. दुसरा कल आयेगा."

"तसंच जाऊ," त्रिंबक उठला. "अल्लाद नेतो."

"अन् नाल्यात मोडला तर? माय आत असताना?"

फोन पुन्हा वाजायला लागला. दिपालीनं उचललाच नाही. काय सांगणार होती ती आत्याला? रडू दाबत ती भिंतीकडं वळली, आणि भिंतीशी तो पडलेला. उजवीकडचा काढलेला पाटा. बसका, चपटा, पण अख्खा!

"चाचा, हा डावीकडं बसतो का?"

"बैठता तो है. पण बेटा, ये थका हुआ है. गाडी आता डावीकडं झुकंल. धक्के बसतील."

"झुकू दे! मोडणार तर नाय ना?"

चाचानं पाटा डिझेलनं धुतला, बोट फिरवत तडा शोधला, हातोडीनं ठोकून कान लावला. "नाय मोडत. जॅक लाव, त्रिंबक!"

गंजलेले नट हलेनात. त्रिंबक स्वतः खाली झोपला, पान्याला लोंबकळला, बोटांची सालं निघाली. घोंगडी या खेपेला कुणी बांधली नाही.

गाडी वस्तीवर शिरली तेव्हा दिवस मावळायला आला होता. अंगणात खाटेवर बानाबाई उशांना टेकून बसलेली, छाती भात्यासारखी वरखाली.

"नाल्यापल्याडून कुरकुर आली," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणलं, आली माझी गाडी. तवाच... उठून बसले." मग डोळे बारीक करून, "अगं, ही आता इकडं का कलली?"

"मग सांगते, माय. आत्या, पाय धर. आबा, तिकडं नाय, उजवीकडं बसव तिला. नव्या पाट्यावर."

स्वतः दिपाली डावीकडं बसली. समोर नाल्याचं गढूळ पाणी अजून तेवढंच होतं. चाक दगडावर चढलं, धाडकन आपटलं, तिच्या पाठीतून कळ गेली.

उजवीकडं माय नुसती हलली.