अर्ध्या मिनिटाचा फोटो

सुशांत माझा केसाने गळा कापेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्या सांगणाऱ्याशीच भांडले असते. मी नागपूरची आहे, भांडायला मला मुहूर्त लागत नाही. आणि सुशांत पुण्याचा. तो भांडत नसे, समजावून सांगत असे. भांडण परवडलं, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही क्युपर्टिनोला आलो ते २००३ साली. त्याची सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी, त्याच्या व्हिसावर मी आणि दोन वर्षांची निधी. माझ्या व्हिसावर या देशात राहायची परवानगी होती, नोकरी करायची नव्हती. नागपुरात मी बँकेत होते, काउंटरपलीकडची माणसं मला 'मॅडम' म्हणत. इथे मी पोळ्या करत होते आणि गात होते. गाणं लहानपणापासूनचं. बँकेपायी ते मागे पडलं होतं, इथे ते एकटंच माझ्याजवळ उरलं.

सुशांतला कॅमेऱ्याचं वेड लागलं तेही इथेच. अख्खं जग डिजिटल कॅमेरे घेत होतं तेव्हा या माणसाने सॅन होजेच्या जुन्या बाजारातून फिल्मचा एक जडशीळ कॅमेरा उचलून आणला. "डिजिटलमध्ये मजा नाही यार," म्हणाला. बाथरूमच्या दाराच्या फटी टॉवेलने बुजवून आत फिल्म धुवायचा. शॉवरच्या दांडीवर माझ्या ओढण्यांशेजारी निगेटिव्ह वाळत असायच्या आणि ओढण्यांना तो आंबूस वास लागायचा. मी तोंडाने कुरकुर करायची. मनातून मला बरं वाटायचं. बाकीच्यांचे नवरे घरी आले की लॅपटॉप उघडून बसत, माझा नवरा घराकडे बघत तरी होता.

मनोहरकाकांच्या गॅरेजमध्ये दर रविवारी दुपारी बैठक असे. काका रिटायर्ड इंजिनिअर, इथे येऊन त्यांची हयात गेली होती. दोन्ही गाड्या बाहेर रस्त्यावर लावायच्या, गॅरेजमध्ये सतरंज्या अंथरायच्या, दारापाशी चपलांचा ढीग, आत चहाचा थर्मास. मी गायची, काका तबल्यावर. पोरं खेळून दमली की जिथे जागा मिळेल तिथे झोपायची.

सुशांतचा तो कॅमेरा फार वाजायचा. मी आलापी करतेय आणि मध्येच खटाक! भातात खडा लागावा तसं व्हायचं. एकदा काका वैतागले. "अरे सुशांत, तुला वाजवायचंच असेल ना, तर समेवर वाजव!"

काका चेष्टेने बोलले होते. सुशांतने ते मनावर घेतलं. ज्या माणसाला आरतीत धड टाळी वाजवता येत नव्हती, तो बोटांवर मात्रा मोजत तीनताल शिकला. विलंबितात बिचाऱ्याला श्वास रोखून बसावं लागे, सम येता येत नसे. मग काकांचा 'धा' पडायचा आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याचा आवाज गडप व्हायचा. कुणाला ऐकूही यायचा नाही. मला यायचा. मी समेवर यायची आणि तोही यायचा. लग्नानंतर आम्ही दोघं इतके वेळेवर कधीच भेटलो नव्हतो.

मी याला प्रेम समजले. दुसरं काय समजणार? सुरातालाशी सात जन्मांचं वैर असलेला माणूस माझ्या गाण्यात खोट येऊ नये म्हणून ताल शिकतो, तर बाईने काय समजावं? तेव्हा मी त्या गॅरेजमधली सगळ्यात सुखी बाई होते, आणि आज मला त्याच सुखाचा सगळ्यात जास्त राग येतो.

गाण्याचे फोटो झाले, मग घरातले सुरू झाले. इस्त्री करताना, भाजी निवडताना, निधीचे केस विंचरताना. त्यातून मग प्रयोग. कॅमेरा ट्रायपॉडच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, भिंगाचं छिद्र बारीकात बारीक करायचं आणि फोटो एका क्षणात न घेता अर्धं मिनिट घेत राहायचा. "जे थांबलंय ते फिल्मवर येतं," तो मला डोळे मोठे करून सांगत होता, "जे हलतंय ते येतच नाही. भर गर्दीचा रस्ता रिकामा दिसतो, माहितेय? गाड्या असतात, पण दिसत नाहीत." मी पीठ मळत ऐकत होते. त्याचा उत्साह बघायला मला आवडायचं.

एका संध्याकाळी हा प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात झाला. मी पुऱ्या तळत होते. निधी शेगडीजवळ स्टूलवर बसून पहिल्या पुरीची वाट बघत होती. सुशांतने तिकाटणं उभं केलं आणि म्हणाला, "निधी, स्टॅच्यू! शुभा, तू थांबू नकोस हं. तुझं तू करत राहा."

स्टॅच्यूच्या खेळात निधीला कुणी हरवू शकत नसे. ती पुतळा झाली. पहिल्याच सेकंदाला मी पायाने निधीचं स्टूल शेगडीपासून मागे ओढलं, मग लाटलं, फ्रिज उघडला, सिंककडे गेले, झारा घेतला. "आई, आय ॲम अ स्टॅच्यू! डोन्ट मूव्ह मी!" स्टूल सरकताच ती ओठ न हलवता पुटपुटली होती. मग सुशांत "ओव्हर!" म्हणाला आणि आम्ही पुऱ्या खाल्ल्या.

फोटोत निधी होती. पेटलेली शेगडी होती, कढई होती, कढईवर वाफेचा ढग होता. मी नव्हते.

"अरे, मी कुठेय?" मी हसत विचारलं.

"हललीस ना तू!" तो लहान मुलासारखा खूश झाला होता. "परफेक्ट आलाय!"

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने तो फोटो मोठा करून लावला. माझी मैत्रीण सुचित्रा सहज बोलून गेली, "छान आहे, पण हात जरा हललाय का?" झालं. फराळाची रांग संपली तरी हा तिला तिकाटणं, छिद्र आणि अर्धं मिनिट समजावून सांगत होता. ती बिचारी रिकामी प्लेट हातात धरून उभी. घरी येतानाही गाडीत तेच. त्याला काहीही बोललेलं चाले, फोटोला बोललेलं चालत नसे.

२००७च्या उन्हाळ्यात सुशांतने मला समजावून सांगितलं की आपलं जमत नाही. आवाज चढवला नाही, चहासुद्धा स्वतः करून दिला. त्याच्या आयुष्यात दुसरं कुणीतरी होतं, पण तिच्यावर मला शब्द खर्च करायचे नाहीत. घटस्फोट झाला की माझा व्हिसा संपणार, मला नागपूरला परत जावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी एकच विचारलं, "निधी?"

"निधी तुझ्याबरोबरच राहील. त्याची काळजी करू नकोस," तो म्हणाला. मी काळजी केली नाही. भरलेल्या घरातून मी फक्त पोर मागितली होती आणि ती त्याने देऊन टाकली, म्हणून मी त्याचे आभारसुद्धा मानले. जळो ते आभार.

कोर्टाचे कागद आले तेव्हा कळलं की त्याने निधीचा ताबा मागितलाय. का, म्हणून फोन केला तर म्हणाला, "वकील बघतोय ते. पर्सनली घेऊ नकोस."

जजपुढे जाण्याआधी आईबापांना मेडिएटरसमोर बसवतात, वकील नसतात. आमची मेडिएटर पिकल्या केसांची, शांत बाई होती. छोटी खोली, गोल टेबल, त्यावर टिश्यूचा डबा. बोलणं सगळं इंग्रजीत. सुशांतने बॅगेतून पाकीट काढलं आणि फोटो टेबलावर मांडायला लागला.

आधी गॅरेजमधले. मी डोळे मिटून गातेय आणि मागे निधी चपलांच्या ढिगाशेजारी झोपलीय. प्रत्येक फोटो समेवरचा. मला ते बघताक्षणी ओळखता येत होतं. मग त्याने स्वयंपाकघरातला फोटो ठेवला.

"शुभा फार छान गाते," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तिचं लक्ष सगळं गाण्यात असतं. हे बघा. पेटलेली शेगडी, उकळतं तेल, पोर हाताच्या अंतरावर. आणि खोलीत कुणी नाही."

 मी सांगू लागले की मी तिथेच होते, फोटो अर्ध्या मिनिटाचा आहे, हलणारं माणूस त्यात उमटत नाही. राग आला की माझं इंग्रजी माझ्या आधी खोलीबाहेर जातं. मेडिएटरने फोटो उचलला, बघितला, माझ्याकडे बघितलं. बिचारीचा तरी काय दोष? तिच्या हातात फोटो होता आणि समोर एक बाई सांगत होती की मी आहे, पण दिसत नाही.

तिने सुशांतला विचारलं, "असं आहे का?"

"खूप दिवस झाले त्याला," तो म्हणाला. "मी तेव्हा सतत फोटो काढायचो. मला टेक्निकल डिटेल्स आठवत नाहीत."

सुशांतला आठवत नाही! माझा वाढदिवस विसरणारा हा माणूस, पण कुठला फोटो कुठल्या भिंगाने आणि किती उजेडात काढला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तो माझ्याकडे न बघता शांतपणे खोटं बोलत होता. दुसरी बाई मी पचवली होती. हे मला पचेना. ज्या घरात मी त्याला हवं तशी उभी राहिले, हवं तशी हलले, तेच घर त्याने माझ्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलं होतं.

मला ओरडायचं होतं. आणि मी ओरडावं म्हणूनच तो इतका हळू बोलत होता, हेही मला दिसत होतं. गरम डोक्याची आई, थंड डोक्याचा बाप. मी टेबलाखाली पदराचं टोक मुठीत धरलं आणि फोटो माझ्याकडे ओढून घेतला.

"जाऊ द्या," मी मेडिएटरला म्हणाले. "तसाही हा फोटो वाया गेलेलाच आहे. ज्योत बघा, कापसाच्या बोळ्यासारखी दिसतेय. वाफेचा नुसता धूर झालाय. हात हललाय यांचा. मंडळातही लोक तेच म्हणाले होते. हौस आहे हो यांना, पण हात स्थिर नाही. आधीपासूनच नाही."

मेडिएटरने मान तिरकी करून बघितलं. "हो, इथे जरा अस्पष्ट आहे खरं," ती म्हणाली.

"हात?" सुशांत खुर्चीतून पुढे आला. "हा हातात धरून काढलेलाच नाही! कॅमेरा ट्रायपॉडवर होता. पूर्ण अर्ध्या मिनिटाचं एक्स्पोजर आहे. ज्योत आणि वाफ पसरणारच, त्या हलतात! स्टूलच्या कडा बघा, फरशीच्या रेघा बघा, कशा धारदार आल्यात. हललेल्या हाताने असं येतं का? आणि मुलगी तर..."

तो तिथे थांबला.  बाहेर कॉरिडॉरमधून कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू आलं.

मेडिएटरने फोटो त्याच्यासमोर ठेवला. "त्या अर्ध्या मिनिटात मुलीची आई कुठे होती?"

"किचनमध्ये," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

"काय करत होती?"

"पुऱ्या तळत होती." मग, "निधीचं स्टूल मागे ओढत होती."

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. मी पायाने स्टूल ओढलं ते त्याने कॅमेऱ्यामागून बघितलं होतं, आणि बघूनही तो हा फोटो इथे घेऊन आला होता.

मेडिएटरने सगळे फोटो गोळा केले आणि पाकिटात घालून त्याला परत दिले. त्यानंतर तिने फक्त निधीबद्दल विचारलं: ती काय खाते, कुणाजवळ झोपते, ताप आला की कुणाला हाक मारते. पुढे ठरलं ते असं, की निधी माझ्याबरोबर नागपूरला राहील आणि मोठ्या सुट्टीत बापाकडे येईल. माझी पोर मला मिळाली.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. सुशांत ते पाकीट काखेत धरून गाडीकडे चालला होता. मी त्याला हाक मारली. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि ती विचारल्याशिवाय मला रात्री झोप लागली नसती.

"एक सांग," मी म्हणाले. "तो फोटो काढलास तेव्हाच हे डोक्यात होतं? मला 'थांबू नकोस' म्हणालास, ते याच्यासाठी होतं?"

"नाही गं, काहीतरीच काय!" तो मनापासून दुखावला. त्याला ते खरंच अन्यायाचं वाटलं असावं. "तेव्हा असलं काही नव्हतं डोक्यात, शप्पथ. तेव्हा मी फक्त..." तो शब्द शोधत थांबला. फोटोबद्दल बोलताना तो नेहमी नेमका शब्द शोधायचा. "घरातले सगळे फोटो मी दोन्ही तऱ्हेने काढून बघायचो. तू असताना आणि तू नसताना. तू नसलीस की घर जास्त छान दिसायचं."

त्या दिवशी तो पहिल्यांदाच आपणहून खरं बोलला होता.