जपून उपटलेली तिळवण

मित्रांनो, मी एक जुनी तिळवण आहे. आम्हा तिळवणींना आयुष्य एका पावसाळ्यापुरतंच असतं, त्यामुळे जुनी म्हणजे मेलेली, हे तुम्ही समजून घ्यालच.

आमचं कूळ मोठं आहे. पिवळी तिळवण माझी चुलत बहीण, पांढरी माझी आत्या. दोघींना गटाराकाठी, कुंपणात, दुसऱ्याच्या कुंडीत, कुठेही उगवायची हौस. अंगाला चिकटपणा भरपूर, समाजात पत शून्य. मी मात्र जांभळी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमागे एका गळक्या नळाखाली उगवले.

तिथले माळीमामा मला दर आठवड्याला उपटायचे. पण मामांचं लक्ष कामापेक्षा गप्पांत. बोलता बोलता नुसता शेंडा ओढायचे, बुडखा मातीतच राहायचा. मी पुन्हा फुटायचे. माझ्या आईलाही मामांनी असंच वाढवलं होतं.

मग मला शेंगा धरल्या. बी पिकून खाली पडलं की पुढच्या पावसाळ्याची सोय झाली. मला आणखी काही नको होतं.

तेवढ्यात वनस्पतिशास्त्राच्या बाई नळावर हात धुवायला आल्या आणि किंचाळल्याच.

"मामा, थांबा! ही जांभळी आहे! संपली असं समजत होते सगळे!"

"तण आहे हो बाई ते."

"अहो, जगात दुसरी उरली नसेल! पुरावा हवा."

"मग फोटो काढा की."

"फोटोवर कोण विश्वास ठेवतं? मुळासकट नमुना लागतो."

"म्हणजे उपटायचंच ना? मग मी इतके दिवस काय करत होतो?"

"तुम्ही निष्काळजीपणे करत होता, मामा."

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. एकही मुळी तुटू दिली नाही. इतक्या मायेनं मला कुणी धरलं नव्हतं. मग वर्तमानपत्रात घालून, दोन फळ्यांत दाबून मला वाळवलं. शेंगा चपट्या झाल्या, बी कच्चंच राहिलं. माझ्या पाठीला एक जाहिरात चिकटली, ती कायमचीच: 'थोडेच नग शिल्लक!'

बाईंचं फार कौतुक झालं. आता दर पावसाळ्यात त्या नळापाशी वाकून बघतात.

"उगवलं का काही?" मामा विचारतात.

"नाही हो, मामा."

मग त्या कपाट उघडून माझ्याकडे बघत बसतात. कपाटावर लिहिलंय, 'अतिदुर्मीळ. जपून हाताळा.' खिडकीबाहेर पिवळी गुडघाभर वाढली आहे. तिला कुणी जपत नाही.

मित्रांनो, एकच विनंती. आमच्यापैकी कुणी तुमच्या दारात उगवलंच, तर खुशाल उपटा. फक्त मामांसारखं उपटा.