नागपूरला न पोचलेली पहिली मागणी

मित्रांनो, मी एक जुनं सायक्लोस्टाइल मशीन आहे. माझ्या काळ्या रंगाचे पोपडे निघालेत, हँडल वाकलंय आणि स्वभाव पक्का संशयी आहे. हे शेवटचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

झेरॉक्स सगळीकडे पोचायच्या आधी एका कागदाच्या शंभर प्रती हव्या असल्या की माझी आठवण व्हायची. मेणाच्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टाइपरायटरने अक्षरं कोरायची, तो कागद माझ्या गोल पोटावर ताणून बसवायचा आणि हँडल फिरवायचं. पोटातली शाई त्या अक्षरांतून झिरपायची आणि दर फेरीला एक छापील कागद बाहेर पडायचा. माझा जन्म कलकत्त्याच्या कारखान्यातला. मुंबईच्या एका कचेरीत मी वीस वर्षं परिपत्रकं काढली. मग खाडीपलीकडच्या नव्या शहरात नवी पालिका झाली, तेव्हा मला टेम्पोत घालून इकडे पाठवलं. नव्या पालिकेला जुनं मशीन का दिलं, असा संशय मला पहिल्याच दिवशी आला होता.

पण इथे माझं कौतुक झालं. आमचे अधीक्षक रावसाहेब पाहुण्यांना सांगायचे, "अख्ख्या शहराचा कारभार ह्याच्या पोटातनं बाहेर येतो." मी खूश व्हायचो आणि लगेच विचार करायचो की एवढं गोड बोलताहेत म्हणजे आज जास्त प्रती काढायच्या असणार. तसंच निघायचं.

सगळ्यात मोठं काम डिसेंबरात असायचं. नागपूरला विधानसभेचं अधिवेशन भरायच्या आधी पालिका मागण्यांची यादी करायची. जे पालिकेच्या हातात नाही, ज्याला सरकारची परवानगी लागते, ते सगळं त्या यादीत. कुठली मागणी कितव्या नंबरला, यावरून सभेत दोन-दोन दिवस भांडणं व्हायची. कारण रावसाहेबांच्या मते आमदार मंडळी पहिली मागणी वाचतात, दुसरी चाळतात आणि तिसरीवर चहाचा कप ठेवतात.

शहाण्णव साली सभेने तुर्भ्याच्या वस्तीचं पाणी पहिल्या नंबरवर घातलं. वस्ती औद्योगिक जमिनीवर होती, त्यामुळे सरकारने हो म्हटल्याशिवाय तिथे पालिकेचा नळ जाईना. आमच्या कार्यालयातल्या शिपाई भिमाबाई त्याच वस्तीत राहायच्या. त्यांची दहावीतली मुलगी संघप्रिया रोज टँकरच्या रांगेत उभी असायची आणि सकाळची शाळा बुडवायची. हेडमास्तरांनी शेवटची ताकीद दिली होती.

स्टेन्सिल टाइप करत होते कारकून नंदकुमार, साताऱ्याकडचे, सडपातळ, घाईचे. भिमाबाई चहा ठेवायच्या निमित्ताने तीनदा येऊन गेल्या.

"सायेब, आमची मागनी पयलीच हाय ना?"

"पहिलीच आहे भिमाबाई. टेन्शन नका घेऊ. हे बघा, पहिली ओळच तुर्भे."

तेवढ्यात नगरसेवक मानसिंग आत आले. ते नंदकुमारांच्याच गावचे. त्यांना ट्रक टर्मिनल हवं होतं आणि ती मागणी दुसऱ्या नंबरवर गेल्याने ते खट्टू होते.

"काय रं नंद्या, आमचं टर्मिनल दोन नंबरलाच ठिवलंस व्हय?"

"सभेनं ठेवलंय दादा. मी कोण?"

दोघं हसले. मला ते हसणं आवडलं नाही. भिमाबाईंनाही आवडलं नसावं, कारण त्या कपबशा न घेताच निघून गेल्या.

दुपारी नंदकुमारांनी दार लावून घेतलं आणि माझ्यावर स्टेन्सिल चढवली. दार का लावलं? मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो. पहिली प्रत त्यांनी शब्दन् शब्द वाचली. मग एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने कागद, आणि नजर घड्याळावर, कारण नागपूरची जीप चारला सुटणार होती. दीडशे प्रती झाल्यावर त्यांनी स्टेन्सिल फाडून टोपलीत टाकली. फाडली का? माझ्या मनाने त्याचीही नोंद घेतली.

प्रती वाटायची आमच्याकडे एक रीत होती. आधी निघालेल्या प्रती मानाप्रमाणे मोठ्या साहेबांना, त्यानंतरच्या मधल्या साहेबांना, आणि शेवटी निघालेला गठ्ठा नागपूरला. ही रीत कुणी घातली ते मला माहीत नाही, पण ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

अधिवेशन संपलं आणि नागपूरला गेलेले रावसाहेब वाटून उरलेल्या प्रतींचा गठ्ठा घेऊन परतले. ट्रक टर्मिनलवर चर्चा झाली होती. पाण्याचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं. रावसाहेबांनी गठ्ठा माझ्यावरच आपटला. नागपूरच्या प्रतींत पहिल्या मागणीच्या जागी नुसता पांढरा कागद होता!

"हापिसच्या प्रतीत मागणी आहे, नागपूरच्या प्रतीत नाही. म्हणजे स्टेन्सिल दोन झाल्या. दुसरी कुणी केली?"

"साहेब, एकच होती. आईशप्पथ."

"मग दाखवा."

"फाडून टाकली. नेहमीच टाकतो."

"दार कशाला लावलं होतं?"

"पंख्यानं कागद उडत होते, साहेब. बाहेरचं वारंही..."

कुणाचाच विश्वास बसला नाही. माझाही नाही. स्टेन्सिलवर चूक खोडायला लाल रंग लावतात, मग त्याखालची अक्षरं छापतच नाहीत; तोच पाण्याच्या मागणीवर फासला असणार, असं कुणीतरी म्हणालं. भिमाबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माज्या पोरीच्या पान्यावर रंग फासला तुमी."

संघप्रियाचं नाव शाळेतून कमी झालं. नंदकुमारांची बदली झाली. जायच्या दिवशी ते "येतो भिमाबाई" म्हणाले, तेव्हा भिमाबाईंनी तोंड फिरवलं. काही महिन्यांनी नंदकुमारांनी नोकरीच सोडल्याचं कानावर आलं. दोषीच असणार, मी मनात म्हटलं.

अठ्ठ्याण्णव साली झेरॉक्स मशीन आलं आणि मला भंगारात काढायचं ठरलं. भिमाबाई मला पुसायला बसल्या. त्यांनी माझं पोट उघडलं आणि आतून बोट फिरवलं. स्टेन्सिलचं वरचं टोक जिथे बसतं, तिथे दोन बोटं रुंदीची पट्टी होती. कोरडी ठणठणीत, दगडासारखी. बाकी सगळीकडे बोट काळं झालं, तिथे नाही. एरवी परिपत्रकांच्या माथ्यावर शिक्क्यासाठी कोरी जागा सोडायचे, म्हणून ती पट्टी कधी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

त्यांनी पुन्हा तिथेच बोट घासून बघितलं. मग उठून मधल्या साहेबांचं कपाट उघडलं. त्या वर्षीच्या प्रती तिथे तशाच होत्या, त्या कुणी वाचल्याच नव्हत्या. भिमाबाईंनी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या. पहिल्या प्रतीत तुर्भ्याचं पाणी ठसठशीत होतं. पुढच्यात फिकट. त्यापुढच्यात नुसते ठिपके. मग काहीच नाही.

"आई गं," त्या खाली बसल्या. "त्यो मानूस खरं बोलत व्हता."

मित्रांनो, ती पट्टी कोरडी पडतेय हे मला कितीतरी दिवस जाणवत होतं; तिथली उरलीसुरली शाई त्या दिवशी पहिल्या काही प्रतींनाच पुरली. एक कुरकुर केली असती, एक कागद अडवला असता, तर नंदकुमारांनी मला उघडून शाई फासली असती. पण मी दाराकडे बघत होतो, मानसिंगच्या हसण्याकडे बघत होतो, टोपलीतल्या स्टेन्सिलकडे बघत होतो. मला स्वतःकडे बघायला फुरसतच नव्हती. याची मला फार लाज वाटते.

भिमाबाईंनी संघप्रियाकडून साताऱ्याला पत्र लिहून घेतलं. पत्ता चुकीचा म्हणून ते परत आलं. तुमच्या घरातल्या यंत्रांना वेळेवर तेलपाणी करा, एवढं तर मी सांगतोच. पण तुमच्यापैकी कुणी साताऱ्याकडचं असेल आणि नंदकुमार नावाचे एक सडपातळ, घाईचे गृहस्थ भेटले, तर त्यांना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, रंग कुणी फासला नव्हता. शाई माझी संपली होती.