आरोपाच्या रकान्यात

बोगतुका काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, माणसे सकाळी उठून आधी बायबलातील चार ओळी वाचतात आणि मग तुरुंगाची यादी. शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीने ती सगळ्यांना खुली ठेवली आहे. फोनवर बोट सरकवले की रात्रीतून कोण आत गेले ते दिसते: नाव, वय, छायाचित्र आणि शेजारच्या रकान्यात आरोप. कॉफी निवेपर्यंत यादी वाचून होते आणि दिवसभर पुरेल एवढे बोलणे गाठीशी येते.

ऑगस्ट संपता संपता, तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, त्या यादीत थॅडियस गॅडिसचे नाव आले, तेव्हा त्याची थोरली बहीण व्हर्लीन शाळेच्या भटारखान्यात मक्याच्या पिठात ताक ओतत होती. सोबतीने काम करणारी लुरिंडा फोन घेऊन तिच्यापाशी आली.

"हा तुमचा थॅड ना गं?"

व्हर्लीनने पाहिले. छायाचित्रातल्या थॅडचे डोळे समोर नव्हते. भिंतीपलीकडून कोणीतरी हाक मारावी आणि ती आपल्यालाच आहे की नाही याचा अंदाज घेत माणसाने थबकावे, तसे ते कुठेतरी लागलेले होते. आरोपाच्या रकान्यात दोनच शब्द होते: 'कोर्टाचा हुकूम'.

"म्हणजे काय केलं म्हणायचं त्यानं?" लुरिंडाने विचारले.

"काही नाही केलं," व्हर्लीन म्हणाली आणि पीठ ढवळू लागली.

ते दोन शब्द म्हणजे जणू एक रिकामे घर होते. येणाराजाणारा त्यात डोकावे आणि आपल्या मनातले सामान तिथे मांडून जाई. चर्चमध्ये ठरले की थॅडने कुठल्यातरी पोराची पोटगी थकवली असणार. न्हाव्याच्या दुकानात ठरले की नशेची भानगड. ज्या टायरच्या दुकानात तो आठ वर्षे कामाला होता, तिथल्या गिऱ्हाइकांचे मत पडले की एखाद्या बाईने त्याला जवळ न येण्याचा हुकूम आणला असेल आणि याने तो मोडला असेल. अविवाहित, अबोल, रविवारी चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवणारा माणूस, एवढीच त्याची ओळख होती. अबोल माणसाविषयी काहीही खरे वाटू शकते.

खरे काय ते व्हर्लीनला ठाऊक होते, कारण तो हुकूम तिनेच मागितला होता.

त्या ऑगस्टमध्ये थॅडने जेवण सोडले. आधी डाळी सोडल्या, मग मांस, मग तिच्या हातचे सगळेच. ताटाकडे तो असा पाही की तिला स्वतःच्या हातांची भीती वाटू लागली. "तू घालतेस त्यात, मला कळतं," असे तो शांतपणे म्हणे. मग त्याने नळाचे पाणीही सोडले. गालफडे आत गेली, ओठ फुटले आणि एके दुपारी तो अंगणात तोल जाऊन पडला. तेव्हा ती कोर्टाच्या इमारतीत गेली. चॅन्सरी कोर्टात, म्हणजे जिथे मृत्युपत्रे, जमिनीचे तंटे आणि काडीमोड चालतात आणि गुन्ह्याचे नाव निघत नाही अशा कोर्टात. तिथल्या कारकून मिसेस पिटमन यांनी तिच्यापुढे प्रतिज्ञापत्र ठेवले होते. सहीपूर्वी चष्मा काढून त्यांनी विचारले होते, "हे बघ, सरकारी इस्पितळात खाट रिकामी नाही. खाट मिळेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवतील. काउंटीकडे दुसरी जागाच नाही. चालेल तुला?"

"चालेल," व्हर्लीन म्हणाली होती.

तो शब्द तिने मग कोणालाच सांगितला नाही. शरद ऋतूत थॅड इस्पितळातून परतला. गोळ्यांनी जरासा जड झालेला, पण जेवणारा. आपल्याला कोणी पाठवले हे त्याने विचारले नाही. पोलीस आले आणि घेऊन गेले, एवढेच त्याला आठवत होते. ती तिच्या दृष्टीने देवाची दया होती, आणि दया फार काळ पुरत नाही हेही तिला कळत होते.

काउंटीच्या यादीतून त्याचे नाव केव्हाच उतरले होते. पण यादीची नक्कल करून ठेवणारी दुसरी संकेतस्थळे असतात आणि तिथून काही उतरत नाही. टायर दुकानाचे मालक हॉलिस प्रुइट यांनी थॅडला कामावर परत घेण्याआधी समोर बसवले. माणूस वाईट नव्हता.

"थॅड, तू टायर बदलायला लोकांच्या अंगणात जातोस. बाईमाणूस घरी एकटं असतं. फाटक उघडण्याआधी लोक फोनवर तुझं नाव घालून बघतात. मला नुसतं 'काही नव्हतं' म्हणून चालायचं नाही. काय होतं, ते कागदावर आण."

त्या संध्याकाळी थॅडने बहिणीला म्हटले, "ताई, उद्या तुला सुट्टी आहे. कोर्टात जाऊन माझ्यावर काय आरोप होता ते शोधून आणू."

"कशाला उकरतोस? दुसरीकडे काम बघ की."

"दुसरीकडच्या लोकांकडे फोन नसतात का?"

रात्रभर ती छताकडे पाहत राहिली. कागद सापडला नाही तर त्याचे काम गेले. सापडला तर त्यावर तिचे नाव. विषाचा संशय ज्याने मोठ्या मुश्किलीने सोडला होता, त्याच्या हातात तो कागद कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी पहिली खिडकी तुरुंगाची. जाड काचेपलीकडे एक बाई उकडलेल्या शेंगा खात बसली होती. तिने थॅडचे नाव विचारले, यंत्रातून एक पान काढले आणि फटीतून सरकवले. उंची, वजन, डाव्या हातावरचा भाजल्याचा वण. आरोप: कोर्टाचा हुकूम.

"हे तर आम्हाला ठाऊक आहे," थॅड म्हणाला. "हुकूम कशाचा?"

"बाळा, आमचं काम आत घेणं आणि बाहेर सोडणं. का, ते कोर्ट सांगतं. समोरच्या इमारतीत सर्किट क्लार्ककडे जा. गुन्ह्याचे खटले सगळे तिथं असतात."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'चॅन्सरी' असे छापलेले होते. व्हर्लीनने ते वाचले. थॅडने ते न पाहताच पान घडी करून खिशात ठेवले आणि ती समोरच्या इमारतीकडे चालू लागली.

सर्किट क्लार्कच्या दालनात, ओसरीसारख्या लांब जागेत, लोकांसाठी एक संगणक मांडलेला होता. कोणीही यावे आणि कोणाचेही नाव शोधावे. थॅडने एका बोटाने आपले आडनाव उमटवले आणि पडदा भरून गेला.

"अरे देवा, हा सगळा रॉयल," तो म्हणाला. रॉयल त्यांचा चुलतभाऊ. "दारू पिऊन गाडी चालवली. कोर्टात आला नाही. पुन्हा दारू पिऊन. पुन्हा आला नाही. ताई, हे बघ, यानं खेचर चोरलंय."

"ते खेचर त्याचंच होतं. बायकोनं नेलेलं."

"मग लिहिताना तसं लिहायला हवं होतं ना."

तो हसला. घरी परतल्यापासून त्याला असे हसताना तिने पाहिले नव्हते. मग त्याने आपले पहिले नाव उमटवले आणि पडदा कोरा झाला. आरोप नाही, खटला नाही, तारीख नाही. रंगवलेल्या लांब नखांची तरुण कारकून उठून आली आणि तिनेही शोधून पाहिले.

"तुमच्यावर काहीच नाही, मिस्टर गॅडिस. कधीच नव्हतं."

थॅड बराच वेळ त्या कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिला, जणू त्यावर काही सुंदर लिहिलेले होते. "हेच मला कागदावर द्या," तो म्हणाला. "झालं, ताई. चल."

"देते," कारकून म्हणाली, "पण खरं सांगू? लोक एकीकडे तुमचा तुरुंगातला फोटो बघतात आणि दुसरीकडे हा कोरा कागद. त्यांना वाटतं, वकील लावून पुसून घेतलंय. फार जणांचं असं होतं."

थॅडचा चेहरा हळूहळू उतरला. व्हर्लीनला वाटले, आता आपण गप्प राहिलो तर सगळे इथेच थांबेल. तो कोरा कागद घेऊन जाईल, हॉलिस मान हलवतील आणि दोष कोणाचाच असणार नाही. गप्प राहण्यासाठी काही करावेही लागणार नव्हते. दालनाच्या उंच खिडक्यांतून आलेले ऊन फरशीवर पडले होते आणि त्यात तिच्या भावाचे झिजलेले, पॉलिश केलेले बूट होते. आज इथे यायचे म्हणून त्याने सकाळी ते घासले होते.

"अजून एक खिडकी आहे," ती म्हणाली.

"कुठली?"

"वरच्या मजल्यावर. चल, दाखवते."

जिन्यात त्याने विचारले, "तुला कसं ठाऊक?" तिने कठड्याला धरले आणि चढत राहिली.

मिसेस पिटमन यांनी दोघांना एकत्र पाहिले आणि त्यांची नजर क्षणभर व्हर्लीनवर थांबली. मग त्या थॅडशी बोलल्या. "या प्रकरणाची फाइल बंद असते. कोणालाही दाखवत नाही. फक्त ज्याची आहे त्याला. तुमचं ओळखपत्र दाखवा आणि आत या. बहिणीला बाहेर बसावं लागेल."

बाकावर बसून व्हर्लीन दाराच्या दुधी काचेकडे पाहत राहिली. पलीकडे एक आकृती वाकली आणि तशीच राहिली. आपण काय लिहिले होते ते आठवण्याचा तिने प्रयत्न केला, पण शब्द आठवेनात. आठवत होते ते फक्त पेनाचे टोक, आणि मागे रांगेत जमिनीच्या वाटणीवरून कुजबुजणारी दोन माणसे.

थॅड बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात न्यायाधीशांच्या हुकमाची नक्कल होती. तो तिच्याकडे न पाहता जिना उतरला. तिने टायरच्या दुकानासमोर गाडी उभी केली.

"यात लिहिलंय, गुन्ह्याचा कुठलाही आरोप नाही," तो मग म्हणाला. "आजारी इसमाला उपचारासाठी ताब्यात घ्यावं. बहीण व्हर्लीन गॅडिस हिच्या प्रतिज्ञापत्रावरून."

"हो."

"प्रतिज्ञापत्रही वाचलं मी. 'माझा भाऊ जेवत नाही. तो कोणाला इजा करणार नाही. तो मरेल अशी मला भीती वाटते. त्याला शिक्षा नको, दवाखाना हवा.'" त्याला ते जसेच्या तसे पाठ झाले होते. "तुरुंगाचं त्यात अक्षर नाही, ताई. तुला कुठं माहीत होतं, ते मला कुठं टाकतील ते."

त्याने ते वाक्य काठोकाठ भरलेला पेला द्यावा तसे जपून तिच्यापुढे धरले. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होते. काउंटीतल्या कुठल्याही कपाटात त्याच्या उलट काही लिहिलेले नव्हते.

"माहीत होतं," व्हर्लीन म्हणाली. "त्या बाईंनी सही करायच्या आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, चालेल."

थॅडने काचेबाहेर पाहिले. दुकानात हवेचा पंप सुरू झाला आणि थांबला.

"तिथं रात्री दिवा बंद करत नाहीत," तो म्हणाला. "सगळे विचारायचे, कशात आलास? मी म्हणायचो, माहीत नाही. त्यांना वाटायचं, सांगता येणार नाही असं काहीतरी केलंय यानं. जेवताना माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही."

"तू जेवत होतास तिथं?"

"हो. त्यांच्या जेवणात विष असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. सगळा संशय तुझ्यावरच." तो किंचित हसला. तिला हसता आले नाही. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

"पुढच्या वेळी..." तो म्हणाला.

"पुढची वेळ यायचीच नाही."

"येईल. डॉक्टरांनी सांगितलंय, येऊ शकते. तेव्हा सहीला जायच्या आधी मला सांग. समोर बसून, तोंडावर सांग, की थॅड, मी निघालेय."

"तेव्हा तू ऐकणार नाहीस."

"नाही ऐकणार. ओरडेन तुझ्यावर. तरी सांग."

"सांगेन," ती म्हणाली.

त्याने दार उघडले आणि एक पाय बाहेर टाकून थांबला. "हॉलिससाहेब हे वाचणार. तुझं नाव आहे यात. रविवारी चर्चमध्ये कळेल सगळ्यांना."

"वाचू दे."

तो आत गेला. दुकानाच्या मोठ्या काचेतून व्हर्लीनला सगळे दिसत होते. हॉलिस प्रुइट यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद उजेडाकडे धरला. ते सावकाश वाचणारे गृहस्थ होते. त्यांचे ओठ हलत होते. मध्येच एका ओळीपाशी ते थांबले आणि मान वर करून काचेतून बाहेर, उभ्या असलेल्या गाडीकडे त्यांनी पाहिले. व्हर्लीनने नजर खाली घातली नाही. मग त्यांनी कागद पुन्हा घडी करून थॅडच्या हाती दिला आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून दुकानाच्या गाडीची किल्ली काढून त्याच्यापुढे धरली.