पुठ्ठ्याचा बगळा

गोटीरामच्या निवट्या बगळ्याला भीत नव्हत्या, आणि चांगदेवाला नेमके तेच सहन होत नव्हते.

दिवाळे गावचे हे दोघे कोळी तरुण मुंबईच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे प्रयोगसाहाय्यक होते. प्राध्यापक महाशब्द्यांनी दोघांवर एकच काम सोपवले होते. खाडीच्या चिखलावर सरपटणाऱ्या निवट्या, बिळात राहणारे हे छोटे मासे, घरी काचेच्या पेटीत ठेवायच्या, उपाशी ठेवायच्या, आणि वरून पुठ्ठ्याचा बगळा फिरवून त्या बिळात लपतात की नाही ते पाहायचे. भुकेचा आणि भीतीचा संदेश मज्जातंतूंतून एकाच वेळी मेंदूत पोचला, तर तिथे कोणाचे चालते, हा प्राध्यापकांचा प्रश्न होता; भुकेचे, असा त्यांचा कयास होता. ज्याचे काम चोख ठरेल त्याला ते संशोधक म्हणून हाताखाली घेणार होते. जागा एकच होती.

गोटीरामच्या निवट्या सावली अंगावर पडली तरी चिखल चिवडीत अन्न शोधत राहत. चांगदेवाच्या मात्र क्षणात गडप होत. खाडी तीच, चिखल तोच. मग यश त्याच्याच पदरात का? वाटेत गोटीराम भेटला की चांगदेव तोंडभर हसे, आणि घरी आल्यावर त्याला अन्न गोड लागत नसे.

प्राध्यापक स्वतः पाहायला यायचे होते त्या सकाळी गोटीराम त्यांना आणायला धक्क्यावर गेला. चांगदेव मागल्या दाराने त्याच्या घरात शिरला आणि त्याने मूठभर जवळा पेटीत टाकला. निवट्या तुटून पडल्या. त्यांची पोटे भरली आणि त्याच्या जिवाला थंडावा मिळाला.

प्राध्यापकांसमोर गोटीरामने बगळा फिरवला. एकूण एक निवटी बिळात!

"काय रे गोट्या," चांगदेव म्हणाला, "तुझ्या वाघिणींना आज झालं काय?"

गोटीराम ओशाळला. मग काचेला नाक लावून तो निरखू लागला. कोपऱ्यात जवळा उरलेला होता. "सर, यांना कुणीतरी खायला घातलंय!"

चांगदेवाची पत्नी बायजा पाहुण्यांना चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्यात काय येवडं? आमच्याकडच्यांना तर मी रोज घालते."

"रोज?" चांगदेव ओरडला.

"मंग? आमी पानावर बसायचं न् त्यांनी टकामका बगत रावायचं? मला घास गिलवत नाय. पाप हाय त्ये."

प्राध्यापकांनी मांडीवर थाप मारली. "अहो, म्हणजे दोन्ही पेट्यांचं उत्तर एकच! भूक होती तोवर भीती दबलेली. पोट भरलं, भीती परतली. त्याच निवट्या! हाच पुरावा राहिला होता. गोटीराम, तुझा प्रयोग पुरा झाला. बाई, ही पेटीही तुमचीच कृपा ना?"

बायजाने गोटीरामच्या घरात पाऊल टाकले होते ते आत्ताच, चहा घेऊन. तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याच्या बाहीला जवळा चिकटला होता.

"हो," ती म्हणाली, "मीच."

"वहिनींचं नाव निबंधात घालू, सर!" गोटीराम म्हणाला, आणि सगळे हसले.

चांगदेव बाही मुडपीत उभा राहिला. या साऱ्या संशोधनात त्याच्या हातून घडलेले एकच खरे काम, आणि ते आपले म्हणण्याची त्याला सोय नव्हती. चहाची कपबशी पुढे करणाऱ्या बायजाचाही आता त्याला हेवा वाटू लागला.