रिकाम्या खुर्चीचा आजार

"बाई, हे मेलंय ना? मग हलतं कसं?"

अकरा वर्षांपूर्वी, डोंगरमाथ्यावरच्या गळक्या तंबूत, सामान वाहणाऱ्या हमालाने विचारलेला हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या बाईंना अजून जसाच्या तसा ऐकू यायचा. टीपकागदातून काढलेलं वाळकं फूल दमट हवेत हळूहळू मिटत होतं. बाईंनी त्याला हौसेने सगळं समजावलं होतं. त्यांचं बोलणं इतकं मन लावून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

आज तोच आवाज कर्ण्यातून येत होता.

"ज्याचा श्वास मळला, त्याला फूल मिटेल. ज्याचा श्वास धुतला, त्याला फूल उमलेल. फूल काही डॉक्टर नाही, लेकरांनो. पण डॉक्टरला जे दिसत नाही, ते फुलाला दिसतं."

बंद पडलेल्या चित्रपटगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. हमालाचा आता काटेबाबा झाला होता. दाढी वाढली होती, पोटही. मंचावर एक खुर्ची, तिच्यासमोर जाळीदार रुमाल अंथरलेली तिवई, तिच्यावर उपडा घातलेला काचेचा हंडा आणि हंड्याखाली ते रुपेरी, काटेरी, चंद्राच्या चकतीएवढं फूल. आजाऱ्याने एक फुंकर मारायची, मग वीस मिनिटं सगळ्यांनी जप करायचा. फूल मिटलं की आजार आत आहे. अशा सहा बैठका. सातवी बैठक पलीकडच्या तिवईवर. तिथे मिटलेलं फूल उमललं की माणूस बरा. मग गोळ्या टाकून द्यायच्या.

बाईंच्या धाकट्या बहिणीला ते बारा दिवसांपूर्वी उमललं होतं.

धाकटी शाळेत शिवण शिकवायची. लहानपणापासून तिला फिट यायची, आणि गोळ्यांनी नऊ वर्षं एकही आली नव्हती. आज सकाळी बाईंनी तिच्या फडताळातली गोळ्यांची डबी उघडली, तर वारांचे सातही कप्पे भरलेले. डबी त्यांनी गुपचूप पिशवीत टाकली होती. पिशवीत कागदात गुंडाळलेली आणखी एक वस्तू होती.

"ताई, तू नुसतं बघ हं. मला अनुभव सांगायचाय. मध्ये बोलू नकोस," धाकटी म्हणाली. तिच्या उजव्या तर्जनीला जाडजूड पट्टी होती. सुई लागली, एवढंच तिने सांगितलं होतं.

"बघतेच आहे," बाई म्हणाल्या. फार वर्षं त्या नुसत्याच बघत होत्या.

उंटकटाऱ्याच्या कुळातली ही जात जगात कुणी नोंदवलेली नव्हती. एकाच डोंगराच्या एकाच खडकाळ उतारावर ती उगवायची, जमिनीलगत बसून, जणू उठायचा कंटाळा आल्यासारखी. बाईंनी पानं मोजली, काटे मोजले, चित्रं काढली. राहिलं ते पिकलेलं बी. बी हाती लागलं की वर्णन छापू, असं दर वर्षी म्हणायच्या. कधी त्या लवकर पोचल्या, कधी बर्फ. नमुन्याची चिठ्ठी कपाटात पिवळी पडली. यंदा गेल्या, तर उतारावर उपटून नेलेल्या झाडांचे खड्डेच खड्डे. उरलेली झाडं एकोणीस.

धाकटीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, आणि तिच्यामागून बाईही मंचावर चढल्या.

बाबाने ओळखलं. "बाई, तुम्ही?" कर्ण्यातून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"एक फूल मीही आणलंय. अकरा वर्षं कपाटात पडून आहे. त्याला विचारू या का?"

"विचारा की," मागून कुणीतरी म्हणालं. "फुलाला फुलाची काय भीती?"

"खुर्चीत कोण बसणार?" बाबाने विचारलं.

"कुणी नाही."

बाईंनी सगळ्यांसमोर आपला रुमाल भिजवून पिळला, खुर्चीसमोर त्यावर आपलं फूल ठेवलं, वर बाबाचाच हंडा झाकला.

"जप नाही तर फूल ऐकणार कसं?" पहिल्या रांगेतल्या म्हातारबाबांची शंका.

"मग करा ना जप. माझी ना नाही."

पण जप कुणी केला नाही. वीस मिनिटं रिकाम्या खुर्चीकडे एवढी माणसं बघत राहिली. पाकळ्यांसारख्या रुपेरी पात्या एकेक करत आत वळल्या. फूल मिटलं.

"आता सांगा बाबा, हा आजार कुणाचा? खुर्चीचा?"

एक हसू फुटलं आणि एकटंच पडून विझलं. बाईंनी बाबाच्या तिवईवरचा जाळीदार रुमाल उचलला. खाली चिंब कापूस. पलीकडच्या तिवईखाली दडवलेला, तापलेला बल्ब.

मग त्यांनी खिशातली पातळ कागदाची चिठ्ठी घामेजल्या तळव्यावर ठेवली. ती वळली. "ओली बाजू फुगते, कोरडी फुगत नाही, म्हणून कागद वळतो. या पातीची बाहेरची बाजू आतल्यापेक्षा जास्त फुगते, म्हणून ती मिटते. पावसात पराग भिजू नयेत, ही झाडाने केलेली सोय. झाड मेलं तरी सोय राहते. घरधनी गेला म्हणून दाराची बिजागरी फिरायची थांबते का?"

"ताई," धाकटीचा आवाज कोरडा होता. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा वर्षं. मीच शिकवलं याला." बाई गर्दीकडे वळल्या. "तेव्हाच छापलं असतं, तर हे शाळेतल्या पोरांनाही कळलं असतं. मी बी पिकायची वाट बघत बसले. याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका. ओला रुमाल घ्या, वाळकं फूल घ्या, रिकामी खुर्ची घ्या आणि घरी करून बघा. आणि गोळ्या बंद करायच्या की नाही, ते डॉक्टरला विचारा. फुलाला फक्त हवा दमट आहे की कोरडी, एवढंच कळतं."

काही माणसं उठली. काही बसून राहिली. एक म्हातारी मंचाजवळ येऊन बाबाला हळूच विचारत होती, "माझी सातवी बैठक उद्याच आहे ना?"

बाई खूप दमल्या होत्या. बाहेर पायऱ्यांवर बसून त्यांनी पिशवीतून डबी काढली. "चल, डॉक्टरकडे जाऊ. किती दिवस चुकले ते सांगावं लागेल."

धाकटी डबीचं झाकण उघडत होती, लावत होती.

"ताई."

"हं."

"दिवसच नाही सांगायचे नुसते." तिने पट्टीच्या बोटाकडे पाहिलं. "परवा वर्गात मशीनवर बसले होते. शुद्धीवर आले, तर सुई बोटातून आरपार. मुली रडत होत्या. त्यांनाही म्हटलं, कुणाला बोलू नका. मला वाटलं, फूल खोटं पडेल."